दसऱ्याला धुतलेलं विमान

आमच्या घरी यंदा दसऱ्याला लढाऊ विमान धुवायला काढलं होतं.

विमान म्हणजे खरं नाही. खरं असतं तर एवढा घोळ झाला नसता, कारण खरं विमान पाण्यात विरघळत नाही. हे मी बनवलेलं होतं. मी म्हणजे सुधाकर, जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, राहणार पिंपळवंडी. घरात आई, थोरले बंधू आण्णा, माझी बायको प्रमिला, थोडी गुरं, एक ट्रॅक्टर आणि द्राक्षबाग. गुरं, ट्रॅक्टर आणि बाग आण्णा बघतात. मी पुस्तकं बघतो. माझ्याबद्दल घरात सर्वसाधारण मत असं, की सुधाकरच्या हातात पुस्तक सोडून दुसरी कुठलीही वस्तू दिली की ती परत मिळते, पण स्पेअरपार्टमध्ये मिळते.

हे मत एवढं पक्कं होण्यात माझ्या सासऱ्यांचा मोठा वाटा आहे. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हवाई दलात काढली. पायलट नव्हते, विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारे फिटर होते. 'नॅट' नावाचं एक बारकं लढाऊ विमान त्या काळी होतं. आता ते एखाद्या चौकातल्या चबुतऱ्यावर नाहीतर संग्रहालयात दिसतं. त्या विमानावर आप्पांचा जीव. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "ह्यांचं पहिलं लग्न त्या इमानाशी झालंय, मी दुसरेपणावर आलेय."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी शिनोलीला गेलो, तेव्हा आप्पांनी मोठ्या विश्वासानं माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

"जावईबापू, दाराची बिजागरी ढिली झालीय. तेवढी आवळा."

मी आवळायला लागलो. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की आवळतो, याबद्दल माझं एक मत होतं आणि बिजागरीचं दुसरं. थोड्या वेळानं दार सुटलं आणि आप्पांच्या अंगावर गेलं. आप्पा दाराखालून बाहेर आले, धोतर झटकलं, माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि फक्त "हं" म्हणाले. शिवी नाही, राग नाही. पण त्या दिवसापासून मी शिनोलीच्या उंबऱ्यावर चपला काढायला लागलो, की आतून 'खर्रर्र' असा आवाज येतो. आप्पा आपली हत्यारांची पत्र्याची पेटी पायानं पलंगाखाली सरकवत असतात. शिवी माणूस विसरतो हो! तो आवाज नाही विसरता येत.

तर असे हे आप्पा यंदा पंचाहत्तरीत आले. फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी बोलून बसलो.

"आप्पा, दसऱ्याला या आमच्याकडं. तुमच्यासाठी तुमचं विमान तयार करतोय."

"कुठलं विमान?"

"नॅट. मॉडेल. स्वतःच्या हातानं."

पलीकडं चालू असलेला टीव्ही आप्पांनी बंद केल्याचं मला ऐकू आलं.

"कुणाच्या हातानं?" आप्पांनी विचारलं.

"माझ्या."

"बघू," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

आता मागं फिरायची सोय नव्हती. त्या एका 'बघू'त मला आशेचा केवढा मोठा पसारा दिसला म्हणून सांगू! हे विमान जमलं असतं तर ते दार कायमचं माझ्या डोक्यावरून उतरलं असतं, आणि पेटी पलंगाबाहेर राहिली असती. मला दुसरं काही नको होतं.

मी कामाला लागलो. लोक असली मॉडेलं प्लॅस्टिकची, नाहीतर हलक्या लाकडाची करतात. मी ग्रंथपाल माणूस. आयुष्यभर फाटक्या पुस्तकांना पाठी लावल्या, पुठ्ठे बसवले, खळ शिजवली. मी ठरवलं, विमान बाइंडिंगच्या पुठ्ठ्याचं करायचं आणि खळीनं चिकटवायचं.

प्रमिला म्हणाली, "अहो, मैद्याच्या खळीनं विमान? एखादं चांगलं घट्ट काहीतरी वापरा की."

"अगं, आमच्या लायब्ररीत खळीनं चिकटवलेली पुस्तकं आहेत, माझ्या आजोबांच्या वेळची! अजून हलली नाहीत."

"ती कधी भिजली नाहीत म्हणून."

"मग विमान कशाला भिजतंय? घरातच तर राहणार आहे!" (हे वाक्य पुढं प्रमिलानं मला इतक्या वेळा ऐकवलं, की आता ते तिचंच आहे असं वाटतं.)

आतून कळकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्या, वरून पुठ्ठा, त्यावर चंदेरी रंग. खऱ्याचा दहावा हिस्सा. तरी नाकापासून शेपटापर्यंत चांगलं दोन हात लांब झालं. पंख मागं झुकलेले, पोट फुगीर, चाकांना आईच्या जुन्या स्वेटरची मोठी बटणं, पायलटच्या डोक्यावर पारदर्शक फाईलची काच. पंखांवर केशरी-पांढरे-हिरवे गोल, कागदाचे, कापून चिकटवलेले. खोटं कशाला बोलू, विमान देखणं झालं होतं. मी ते पडवीत कांद्याच्या दोन क्रेटवर ठेवलं आणि येता-जाता त्याच्याकडं बघायला लागलो. कधी कधी नुसतंच बघण्यासाठी येऊ-जाऊ लागलो.

आई एकदा त्याच्यासमोर उभी राहिली.

"सुधा, हे काय कामाचं रं?"

"आई, हे लढाईचं विमान आहे. शत्रूवर गोळ्या झाडायचं."

"आन् खाली चाकं हायती व्हय?"

"हो तर! चाकांवर पळतं आणि मग उडतं."

"बरं," आई म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, म्हातारीला कौतुक वाटलं. तिनं ते मनात लिहून ठेवलंय, हे मला कळलं नाही.

दसऱ्याला सकाळी मी झेंडू, आपट्याची पानं आणि श्रीखंड आणायला जुन्नरला गेलो. बाजारात ही गर्दी! परत यायला उशीर झाला. अंगणात पाय ठेवला तर दसऱ्याची सगळी फौज धुऊन-पुसून ओळीनं उभी होती. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटरसायकल, कोयते, खुरपी, विळे, द्राक्षाच्या कात्र्या. सगळ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. आणि ओळीच्या शेवटी माझं विमान! त्याच्यासमोर आण्णा, लुंगी खोचून, फवारणीच्या पंपाची गन दोन्ही हातांनी धरून.

"आण्णा!" मी ओरडलो.

"आलास? बघ, कसं चकाचक केलंय. लई धूळ बसली व्हती."

"अहो, पुठ्ठा आहे तो!"

"म्हून तर परेशर कमी ठिवलंय," आण्णा म्हणाले. आण्णा तसे समजूतदार आहेत.

"पण धुवायला सांगितलं कुणी?"

"म्या," आई तुळशीजवळून म्हणाली. "तूच म्हनला न्हवं का, लढाईचं हाये म्हून? मंग ते हत्यार झालं. आन् चाकं हायती, मंजी वाहन बी झालं. दसऱ्याला हत्याराची पूजा आस्ती, वाहनाची बी आस्ती. ह्याची तर दोनदा कराया पायजे! घरातलं समदं आंगूळ करून बसलंय, मंग त्या एकट्यालाच पारोसं ठिवू व्हय?"

मी विमानाकडं बघितलं. विमानाच्या पोटातून खळ गळत होती. चंदेरी रंग अंगणातून ओघळत गटाराकडं चालला होता. डावा पंख सावकाश खाली वाकला, थोडा थांबला आणि जमिनीवर पडला. मग उजव्यानंही तेच केलं. एक तिरंगी गोल उडून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चिकटला होता. (तो अजून तिथंच आहे. पुस्तकावर माझी एवढी घट्ट लेबलं कधी बसली नाहीत.)

एवढ्यात खिशातला फोन वाजला. आप्पा होते. आप्पांना जुनी सवय आहे, प्रवासाला निघाले की मुक्काम-मुक्कामावरून रिपोर्ट देतात.

"जावईबापू, एसटीत बसलोय. घोडेगाव सोडलं. विमान तयार?"

मी विमानाकडं बघितलं. "आप्पा, अगदी ताजं आहे," मी म्हणालो.

"कोण, आप्पा?" प्रमिला स्वयंपाकघरातून पळत आली, अंगणात बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग नुसता कपाळाला हात लावून भागणार नाही हे तिच्या ध्यानात आलं. "उन्हात ठेवा आधी! वाळवा ते! माझा बाप सकाळपासून जेवला नसेल हो या विमानापायी!"

तो शब्द माझ्या काळजात रुतला. मी आणि आण्णांनी विमान उचललं आणि गोठ्याच्या भिंतीला, जिथं ऊन कडक होतं, तिथं टेकवून ठेवलं. मी आत पंख घेऊन गेलो. ओल्या पंखांवर फडकं टाकून प्रमिलानं त्यांना इस्त्री करायला घेतली. लढाऊ विमानाला इस्त्री करणारी पंचक्रोशीतली ती पहिलीच बाई असावी. "कडक करू का मध्यम?" असंही तिनं विचारलं. मी "कडक" म्हणालो. हवाई दलाचं काम आहे!

पंख घेऊन बाहेर येतो, तर आण्णांची कालवड विमानाचं शेपूट खात होती.

तिचाही दोष नाही. खळ म्हणजे शेवटी मैदाच. त्यातून तो भिजवलेला, मऊ. (कसर लागू नये म्हणून मी खळीत नेहमी मोरचूद घालतो. यंदा घालायचं राहिलं. नाहीतर सणासुदीला जनावरांचा डॉक्टर शोधत हिंडलो असतो.) आम्ही कालवडीला मागं ओढलं, पण तोवर शेपूट पोटात गेलं होतं आणि ती पुढच्या घासाची वाट बघत होती.

"चल, हो बाजूला," आण्णा कालवडीला म्हणाले. मग मला म्हणाले, "तू बी."

फोन वाजला. "मंचर सोडलं," आप्पा म्हणाले.

मग आमच्या अंगणात जे झालं, त्याला दुरुस्ती म्हणायचं की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही. आण्णांनी गोडेतेलाचा रिकामा डबा कापला आणि पत्र्याचं शेपूट केलं. शेपटावर एका बाजूला मोठं पिवळं सूर्यफूल आलं. पोट ओलं होऊन खचलं होतं, त्याला द्राक्षबागेच्या तारेचे वेढे देऊन आवळलं. नाक चेपलं होतं, तिथं डिझेल ओतायचं नरसाळं बसवलं. काचेवर पाण्याचे डाग पडले होते, म्हणून प्रमिलानं पाण्याची बाटली कापून नवी काच केली आणि पदरानं पुसपुसून लख्ख केली.

रंगाचं काय करायचं, तर तेही देवानंच धाडलं. जुन्नरचे रशीदभाई पेंटर आण्णांच्या नव्या ट्रॉलीवर नाव घालायला त्या दिवशी आलेच होते. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांवरचे मोर रशीदभाईंचे. त्यांनी विमान दोन्ही बाजूंनी बघितलं.

"चंदेरी नाय माझ्याकडं. ट्रॉलीचा निळा चालंल?"

"चालंल," आण्णा म्हणाले.

"नंबर काय टाकू?"

"रशीदभाई, विमानाला असला नंबर नसतो," मी म्हणालो.

"बिगर नंबरची गाडी? आन् पकडली मंजी?"

मी नंबर नको म्हणून हात जोडले. रशीदभाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी माझा मान राखला. फक्त पोटाची एवढी जागा रिकामी राहिलेली त्यांना बघवेना. मी वळलो तेवढ्यात त्यांनी तिथं पिवळ्या अक्षरांत, खाली पांढरी सावली देऊन, 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहून टाकलं. अक्षर मात्र असं सुरेख, की पुसायला हात धजेना.

"नारायणगाव," आप्पा फोनवर म्हणाले. आता तर ते दारातच आल्यासारखे होते.

"आधी पूजा!" आई म्हणाली. "पावणं यायच्या आत वाहनाची पूजा झाली पायजे." तिनं ट्रॅक्टरपासून सुरुवात केली आणि हळद-कुंकू लावत लावत विमानापाशी आली. नरसाळ्याला झेंडूचा हार घातला. शेपटाला लिंबू-मिरची बांधली. चाकांखाली लिंबं ठेवली. मग आण्णांनी ट्रॅक्टरला फोडतात तसाच, त्याच ताकदीनं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला.

नारळ फुटला. चाकही फुटलं. बटणाचे दोन तुकडे झाले, विमान पुढं वाकलं आणि त्याचं नाक आईच्या पायाशी टेकलं.

"आसू दे, नमस्कार करतंय," आई म्हणाली. तिनं वाकून चाकाखालचं लिंबू थोडं पुढं सरकवलं आणि चाकाच्या कामटीचं टोक त्यात खुपसलं. विमान उभं राहिलं. मागं दोन बटणं, पुढं एक लिंबू.

आता फक्त पंख उरले होते. आण्णांनी पंख उचलला, तसा मी त्यांच्या हातातून घेतला.

"पंखांना कुणी हात लावायचा नाही!" मी जोरात म्हणालो. "शेपूट तुम्ही केलं, काच हिनं केली, रंग रशीदभाईंनी दिला, चाक आईनं बसवलं. माझ्या विमानात माझं काहीतरी राहू द्या!"

कुणी हात लावला नाही. पंखांच्या आतल्या बाजूला मी शाईनं 'डावा' आणि 'उजवा' असं लिहून ठेवलेलं होतं. ते धुऊन गेलं होतं. पण विमान मीच बनवलेलं, मला काय कळत नाही? मी नरसाळ्याकडं तोंड करून बसलो, या हाताचा पंख इकडं, त्या हाताचा तिकडं, आणि खिळे, तार, जे मिळेल त्यानं पंख पक्के केले. असे पक्के, की पंख काढायचे तर विमान मोडावं लागेल.

आण्णांनी मान तिरकी करून बघितलं. "सुधा, हे पंख फुडं झुकल्यावानी दिसत्यात का रं?"

"आण्णा," मी हात झटकत म्हणालो, "ते वेगासाठी असतं."

"आसंल बाबा," आण्णा म्हणाले. शिकलेल्या माणसाच्या तोंडी लागायचं नाही, हा त्यांचा जुना नियम आहे.

आणि फाटकात आप्पा उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत पिशवी. आईनं पाणी दिलं. आप्पांनी ते हातात घेतलं, पण प्यायले नाहीत. त्यांची नजर विमानावर होती. पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून त्यांनी विमानाला एक फेरी मारली. मग दुसरी. आम्ही सगळे ओळीनं उभे होतो, ट्रॅक्टर आणि कोयत्यांच्या शेजारी. मी देवाला म्हणालो, बाबा, फक्त 'हं' नको.

आप्पांनी शेपटाच्या सूर्यफुलावर टिचकी मारली. पत्रा वाजला.

"शेपूट कुणी केलं?"

"म्या," आण्णा म्हणाले.

"मजबूत आहे. काच?"

"मी केली आप्पा," प्रमिला म्हणाली.

"स्वच्छ आहे. आमच्या काचा एवढ्या स्वच्छ राहत नव्हत्या." मग ते वाकले. "पुढचं चाक लिंबाचं आहे?"

"व्हय पावणं," आई म्हणाली.

"उंची बरोबर घेतलीय." मग आणखी वाकून त्यांनी पोटाखाली बघितलं आणि 'आई-बाबांचा आशीर्वाद' सावकाश, एकेक अक्षर वाचलं. "आमच्या वेळी हे लिहीत नव्हते," आप्पा म्हणाले. "लिहायला पाहिजे होतं."

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ, नंबरही टाकायला पाहिजे होता, असा होता.

आप्पा सरळ झाले आणि त्यांनी नाकावरचा झेंडूचा हार हातात धरला. बराच वेळ धरला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "आम्ही पण दसऱ्याला असाच हार घालायचो. नाकाला. सगळी विमानं अंघोळ घालून ओळीनं उभी करायची, कुंकू लावायचं, आणि मग साहेब नारळ फोडायचा. एवढी वर्षं झाली, फोटोत विमान दिसतं बाबा, पण हार घातलेलं विमान मी परत बघितलं नव्हतं."

प्रमिलानं डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं, आणि त्या भरात मी एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "पंख कुणी लावले?"

आमच्या घरात कधी कुठल्या गोष्टीवर एकमत होत नाही. त्या दिवशी झालं. आई, आण्णा, प्रमिला, रशीदभाई, सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडं बोट केलं. कालवडही माझ्याकडंच बघत होती.

"मी," मी म्हणालो.

"उलटे आहेत."

"नाही आप्पा, ते वेगासा..."

"डावा उजवीकडं लावलाय, उजवा डावीकडं. हे सुटलं तर मागं जाईल."

मी मान खाली घातली. सगळं विमान वाहून गेलं, खाल्लं गेलं, फुटलं, तरी प्रत्येकानं आपापला तुकडा नीट लावला होता. उलटा लागला तो माझा. आता 'हं' येणार, म्हणून मी कान घट्ट केले. त्याऐवजी ओळखीचा आवाज आला. खर्रर्र! मी दचकून वर बघितलं. आप्पांनी काखेतल्या पिशवीतून पत्र्याची पेटी काढली होती आणि ती फरशीवरून माझ्याकडं सरकवत होते.

"आप्पा, तुम्ही पेटी घेऊन आलात?"

"तुम्ही बनवलंय म्हणालात, म्हणून सोबत घेतली," आप्पा शांतपणे म्हणाले आणि धोतर सावरून माझ्यासमोर जमिनीवर बसले. "बसा. धरा इथं. दोन्ही हातांनी. हलवायचं नाही."

मी बसलो आणि धरलं. आप्पांनी पकडीनं एकेक खिळा उपसला, तार सोडली, पंख काढले, बाजू बदलल्या. काम करता करता ते बोलत होते. रात्रंदिवस विमानं कशी तयार ठेवायची, कुठला नट कुठं नखरे करायचा, सासूबाईंना पहिल्यांदा तळावर नेलं तेव्हा त्या विमानाला बघून "एवढंसंच?" कशा म्हणाल्या होत्या. लग्न झाल्यापासून आप्पा माझ्याशी सगळं मिळून एवढं बोलले नव्हते. मला हा माणूस एवढा आवडेल असं वाटलं नव्हतं. माझ्या नाकावर माशी बसली होती, एक पाय बधिर झाला होता, पण मी हललो नाही. मला ते संपूच नये असं वाटत होतं.

पंख मागं झुकले. विमान एकदम विमानासारखं दिसायला लागलं. आप्पांनी ते निरखून बघितलं, मग मला निरखून बघितलं.

"हलला नाहीत," ते म्हणाले. मग लेकीकडं वळून म्हणाले, "पमे, तुझा नवरा धरायला चांगला आहे."

प्रमिलाचा चेहरा असा फुलला, जसा काही मला कुठं पुरस्कार मिळाला होता. आणि खरं सांगायचं तर मिळालाच होता! त्या दिवशी सोनं देताना आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जाताना विमान मांडीवर घेऊन एसटीत बसले. आता ते शिनोलीला टीव्हीवर ठेवलेलं आहे. पुढचं लिंबू आप्पा दर शनिवारी बदलतात.

परवा त्यांचा फोन आला. "जावईबापू, पंखा उतरवायचाय. तुम्ही या." तुम्ही या! घरात आण्णा असताना मला बोलावणं! मी लगोलग दुकानात जाऊन कोरा स्क्रूड्रायव्हर विकत घेतला आणि शिनोली गाठली. उंबऱ्यावर चपला काढल्या, कान दिला. पेटी सरकल्याचा आवाज आला नाही. ती पलंगाबाहेर, ऐन घराच्या मध्ये, उघडी होती. मला काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही.

आप्पा हसून पुढं आले, माझ्या हातातला कोरा स्क्रूड्रायव्हर अलगद काढून घेतला, पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि शिडी माझ्या हातात दिली.

मी धरली. आणि कुणाला खोटं वाटेल, पण लई भारी धरली राव!